सीझर रोसास यांचा ‘सोल डिसगाइज’ ऐकताना: नवख्या श्रोत्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

लॉस लोबोस हा बँड आपल्याकडच्या बहुतेक श्रोत्यांना ठाऊक असतो तो १९८७ सालच्या ‘ला बाम्बा’मुळे, आणि बहुतेकांची ओळख तिथेच थांबते. ज्यांना त्यापुढे जावेसे वाटते ते बँडचे दोन-तीन अल्बम ऐकतात, त्यांतला एक खरखरीत, घशातून येणारा आवाज त्यांना आवडतो, तो सीझर रोसास यांचा आहे असे कळते आणि मग ते रोसास यांनी १९९९ साली रायकोडिस्क या कंपनीकडून स्वतःच्या नावावर काढलेल्या ‘सोल डिसगाइज’ या अल्बमपाशी येऊन पोहोचतात. घोटाळा सुरू होतो तो इथे. काही गाणी इंग्रजीत, ब्लूज आणि जुन्या सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतप्रकारांच्या वळणाची. मधूनच स्पॅनिश गाणे, ज्याचा ठेका आणि वाद्यमेळ वेगळाच. दोन वेगळ्या कलाकारांचे अल्बम चुकून एका तबकडीवर आले की काय, असा प्रश्न नवख्या श्रोत्याला पडल्यास नवल नाही.

या प्रश्नाचे उत्तर मला हळूहळू, निरनिराळ्या दिशांनी वाचत आणि ऐकत मिळाले. मराठीत या विषयावर एका जागी काही वाचायला मिळाले नाही, म्हणून जो क्रम उपयोगी पडला तो पुढे मांडत आहे. संगीताचे शास्त्र येत असण्याची गरज नाही. मात्रा मोजता आल्या तरी पुरे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. हा अल्बम म्हणजे दोन परक्या शैलींचा मुद्दाम घडवून आणलेला संयोग नव्हे. रोसास ज्या वस्तीत वाढले तिथे ब्लूज आणि मेक्सिकन गाणी एकाच रेडिओवर आणि एकाच लग्नाच्या हॉलमध्ये वाजत होती. त्यामुळे ‘जोड कुठे दिली आहे’ हे शोधत बसल्यास हाती फारसे काही लागत नाही. ठेका कोण धरून ठेवतो आहे हे शोधल्यास बरेच काही लागते.

लागणारे साहित्य

• अल्बम, शक्य असल्यास आतील पुस्तिकेसह सीडीच्या रूपात. कोणी कोणते वाद्य वाजवले आणि गाणे कोणाकोणाचे आहे, हे ॲपवर पुष्कळदा अर्धवट दिलेले असते.
• साधा, बास (म्हणजे खालचे, खर्जातले सूर) नीट ऐकू येणारा हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरवर बास जवळजवळ नाहीसा होतो, आणि या लेखातील निम्मा भाग बासवर अवलंबून आहे.
• वही आणि पेन्सिल.
• लॉस एंजेलिस परगण्याचा नकाशा, मोबाइलवरचा चालेल.
• स्पॅनिश–इंग्रजी शब्दकोश. भाषांतर करणारे ॲप याला पर्याय नाही. कारण सातव्या पायरीत येईल.

गिटार येत असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

पायरी १. अल्बम मिळवणे आणि ॲप नीट लावून घेणे

शोध घेताना कलाकाराचे नाव रोमन लिपीत टाइप करावे आणि नुसते अल्बमचे नाव न टाकता कलाकार व अल्बम अशी दोन्ही नावे एकत्र टाकावीत. ॲपवर कोणता अल्बम कोणत्या देशात उपलब्ध असेल हे परवान्यांनुसार बदलत असते, त्यामुळे आज दिसलेली गाणी उद्या करड्या अक्षरांत निष्क्रिय झालेली आढळू शकतात. ऐकण्यापूर्वी तीन गोष्टी बंद कराव्यात: गाणी उलटसुलट क्रमाने लावण्याची सोय, एक गाणे दुसऱ्यात मिसळवणारा क्रॉसफेड आणि अल्बम संपल्यावर आपोआप दुसरे काही सुरू करणारी सोय. शेवटची सर्वांत त्रासदायक आहे, कारण ॲप या अल्बमला ‘लॅटिन’ या खणात टाकून त्याच्यामागे क्यूबाचा किंवा पोर्तो रिकोचा एखादा प्रकार लावून देते; त्या संगीताचा इतिहास वेगळा आहे आणि नवख्या कानाला ते सगळे एकच वाटू लागते.

जुनी सीडी परदेशातून मागवायची असेल तर डिस्कॉग्जसारख्या ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या संकेतस्थळावर तबकडीची आणि वेष्टनाची स्थिती वेगवेगळी लिहिलेली असते, ती दोन्ही वाचावी. विक्रेत्याने टपालखर्च किती लावला आहे हेही आधी पाहावे, कारण तो सीडीच्या किमतीहून अधिक निघणे ही नेहमीची बाब आहे.

पायरी २. आधी बँडमधले रोसास ओळखून घ्या

स्वतंत्र अल्बमवर थेट उडी मारू नये. लॉस लोबोस १९७३ साली पूर्व लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. डेव्हिड हिडाल्गो, लुई पेरेझ, कॉनरॅड लोझानो आणि रोसास हे त्यातले गाभ्याचे चौघे. सॅक्सोफोन वाजवणारे स्टीव्ह बर्लिन १९८०च्या दशकात ‘द ब्लास्टर्स’ या बँडमधून त्यांच्याकडे आले. या बँडमध्ये मुख्य गायक दोन. हिडाल्गो यांचा आवाज उंच आणि गोड, दुःखाच्या गाण्यातही मोकळा लागणारा. रोसास यांचा आवाज त्याच्या नेमका उलट, रांगडा, शब्द तोडून फेकणारा. दोन आवाज एकदा मनात वेगळे झाले की बँडचे अर्धे कोडे सुटते.

त्यासाठी १९८४ सालच्या ‘हाउ विल द वुल्फ सर्व्हाइव्ह?’ या अल्बममधले ‘डोन्ट वरी बेबी’ ऐकावे. रोसास यांनी ते लुई पेरेझ आणि निर्माते टी-बोन बर्नेट यांच्यासह लिहिले आहे. इथे एक सापळा आहे: ‘द बीच बॉइज’ या बँडचे १९६४ सालचे, याच नावाचे आणि कितीतरी अधिक प्रसिद्ध गाणे आहे, आणि शोध घेतल्यावर तेच आधी वर येते. दोन्ही गाणी कॅलिफोर्नियातल्या बँडची, पण एकमेकांशी काहीएक संबंध नसलेली. त्यानंतर १९८८ सालच्या ‘ला पिस्तोला इ एल कोरासोन’ या अल्बमकडे वळावे. ‘ला बाम्बा’ अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेल्यानंतर कोणत्याही बँडने तसलेच आणखी काही केले असते. यांनी मात्र मेक्सिकोच्या पारंपरिक वाद्यांवर बेतलेला, स्पॅनिश गाण्यांचा छोटेखानी अल्बम काढला आणि त्याला ग्रॅमीही मिळाले. विजेच्या गिटारवर ब्लूज वाजवणारा माणूस आणि याच अल्बमवरचा माणूस एकच आहे, हे कानाला एकदा पटू द्यावे.

चित्रफिती पाहणार असाल तर लक्षात ठेवा की रोसास डावखुरे आहेत. गिटारची मान आपल्याला अपेक्षित असते त्याच्या विरुद्ध बाजूला दिसते, आणि पाहून पाहून शिकणाऱ्यांची यात चांगलीच फसगत होते. काळा चष्मा घातलेला डावखुरा गिटारवादक दिसला की ते रोसास, इतकी खूण पुरेशी आहे.

पायरी ३. वस्तीचा नकाशा समोर ठेवा

नकाशावर लॉस एंजेलिस नदी शोधा. तिच्या पूर्वेला आधी बॉयल हाइट्स लागते, जे शहराच्या हद्दीत येते, आणि त्यापुढे पूर्व लॉस एंजेलिस, जे नगरपालिका नसलेले आणि थेट परगण्याच्या कारभाराखाली असलेले क्षेत्र आहे. दोन्हींमधून जाणारा व्हिटियर बुलेव्हार्ड हा रस्ता पेन्सिलीने वहीत उतरवून घ्या, कारण तो गाण्यांमध्ये भेटणार आहे. रोसास यांचा जन्म १९५४ सालचा, मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या एर्मोसियो शहरातला. लहानपणीच ते या भागात आले.

मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लोकांपैकी ज्यांनी १९६०च्या दशकात हक्कांसाठी चळवळ उभारली त्यांनी ‘चिकानो’ हे नाव अभिमानाने स्वीकारले. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांमधील हजारो विद्यार्थी निकृष्ट शिक्षणाच्या निषेधार्थ वर्ग सोडून बाहेर पडले, आणि २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरोधात निघालेल्या मोठ्या मोर्चावर पोलिसांची कारवाई झाली, ज्यात पत्रकार रुबेन सालाझार यांचा मृत्यू झाला. लॉस लोबोसचे सभासद त्या वेळी किशोरवयात होते. रॉक वाजवणाऱ्या या मुलांनी १९७३ नंतर आईवडिलांच्या पिढीची मेक्सिकन गाणी, ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून, पारंपरिक वाद्यांवर शिकून घेतली, ती या वातावरणात. त्यानंतर जवळजवळ दशकभर ते लग्नांत आणि हॉटेलांत ही गाणी वाजवत होते.

आता ब्लूजची बाजू. महिंद्रा ब्लूज महोत्सवामुळे, म्हणजे २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत झालेल्या मैफलींमुळे, ज्यांना या संगीताची गोडी लागली त्यांच्या कानात बहुधा गिटारवादक-गायक बडी गाय यांचा शिकागोचा ब्लूज बसलेला असतो. लॉस एंजेलिसचा ब्लूज त्याहून थोडा निराळा, अधिक नाचरा आणि सॅक्सोफोनच्या फळीवर चालणारा. टेक्सासमधून आलेले टी-बोन वॉकर इथलेच झाले. त्यांचे ‘कॉल इट स्टॉर्मी मंडे’ १९४७ साली मुद्रित झाले. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, डॉन टोस्टी यांचे ‘पाचुको बूगी’ आले, ज्यात बूगी या ब्लूजच्या जलद, नाचऱ्या प्रकाराच्या तालावर मेक्सिकन तरुणांची बोली बोललेली आहे. लॉस एंजेलिस शहराच्या हद्दीत किशोरांच्या नृत्यसभांवर निर्बंध असल्यामुळे १९५०च्या दशकात या सभा शहराबाहेर एल माँटे इथल्या लीजन स्टेडियममध्ये भरू लागल्या, आणि जॉनी ओटिस यांच्यासारख्या बँडप्रमुखांसमोर कृष्णवर्णीय, चिकानो आणि गोरी मुले एकत्र नाचू लागली. रिची व्हॅलेन्स यांनी व्हेराक्रूझचे लोकगीत ‘ला बाम्बा’ १९५८ साली रॉकच्या ठेक्यात गायले, आणि ‘दी मिडनाइटर्स’ या बँडने १९६५ साली ‘व्हिटियर बुलेव्हार्ड’ काढले. रोसास यांनी ब्लूज दुरून, पुस्तकातून आणला नाही हे या तारखांवरून दिसते. तो त्यांच्या जन्माआधीपासून त्या रस्त्यांवर होता.

पायरी ४. बारा बारचा ब्लूज पेरांवर मोजायला शिका

ही पायरी कोणी गाळू नये. ब्लूजची सर्वांत रुळलेली चौकट बारा बारची असते आणि प्रत्येक बारमध्ये चार मात्रा असतात, म्हणजे एका आवर्तनात अठ्ठेचाळीस मात्रा. मोजण्यासाठी आपल्याकडची जपाची पद्धत अगदी सोयीची पडते, कारण अंगठा सोडून उरलेल्या चार बोटांना मिळून पेरे बाराच असतात. करंगळीच्या पहिल्या पेरावर अंगठा ठेवून सुरुवात करा आणि दर चार मात्रांनी एक पेर पुढे सरका.

आता स्वरमेळ, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट (कॉर्ड), कुठे बदलतो ते पाहा. करंगळीची तीन पेरे आणि अनामिकेचे पहिले पेर, एवढे चार बार गाणे आपल्या घरच्या स्वरमेळावर असते. अनामिकेच्या मधल्या पेरावर, म्हणजे पाचव्या बारला, ते चौथ्या स्वराच्या मेळावर जाते आणि दोन बार तिथे राहते. मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर ते घरी परतते. त्याच बोटाच्या शेवटच्या पेरावर, म्हणजे नवव्या बारला, पाचव्या स्वराचा मेळ येतो. तर्जनीच्या पहिल्या पेरावर चौथा, आणि उरलेल्या दोन पेरांवर पुन्हा घर. गिटारवर ‘ए’मध्ये वाजवत असाल तर घर म्हणजे ‘ए’, चौथा ‘डी’ आणि पाचवा ‘ई’. शब्दही बहुधा याच चौकटीत बसलेले असतात: एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी.

सरावासाठी टी-बोन वॉकर यांचे वर सांगितलेले संथ गाणे घ्यावे. पहिल्या एक-दोन वेळा अंगठा नक्की चुकेल, विशेषतः गायक ओळ संपवून थांबतो आणि गिटार बोलू लागते तेव्हा, कारण आपले लक्ष गिटारकडे जाते आणि मोजणी सुटते. अशा वेळी बासकडे कान द्यावा. काही गाणी दुसऱ्याच बारला चौथ्या स्वरावर जाऊन तिसऱ्याला परत येतात, ती वेगळी चौकट नव्हे. आणि काही गाणी आठ किंवा सोळा बारची असतात, तेव्हा पेरे जुळली नाहीत म्हणून लगेच स्वतःला दोष देऊ नये.

याच जोडीला ‘शफल’ ओळखायला शिका. यात प्रत्येक मात्रेचे दोन समान भाग न पडता पहिला लांब आणि दुसरा आखूड पडतो, त्यामुळे ठेका डुलत चालतो. ड्रमवर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला पडणारा ठोसा हे दुसरे लक्षण. आपल्या कानाला समेवर जोर ऐकायची सवय असल्याने सुरुवातीला आपण टाळी पहिल्या मात्रेवर देतो. ती दुसऱ्या आणि चौथ्यावर देऊन पाहा, म्हणजे गाणे एकदम हलके वाटू लागेल.

पायरी ५. बाहो सेक्स्तो काय करतो ते ऐका

मेक्सिकोच्या उत्तर भागातील आणि सीमेपलीकडच्या दक्षिण टेक्सासमधील गाण्यांचा कणा दोन वाद्यांचा आहे. पहिले बटणांचे अकॉर्डियन, जे टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत आलेल्या जर्मन व चेक वसाहतकारांच्या संगीतातून, त्यांच्या पोल्का नाचासह, स्थानिक वादकांनी उचलले. दुसरे बाहो सेक्स्तो: बारा तारा, दोन-दोनच्या सहा जोड्यांत लावलेल्या, गिटारहून खोल आवाजाचे वाद्य. रोसास लॉस लोबोसमध्ये हे वाजवतात, आणि माझ्या मते त्यांच्या ब्लूज गिटारचे रहस्यही इथेच आहे.

दक्षिण टेक्सासचे अकॉर्डियनवादक नार्सिसो मार्टिनेझ यांनी १९३६ साली ध्वनिमुद्रण सुरू केले, तेव्हा त्यांच्या साथीला बाहो सेक्स्तोवर सांतियागो आल्मेदा होते. मार्टिनेझ यांनी अकॉर्डियनच्या डाव्या हाताची, म्हणजे खर्जाची बाजू जवळपास सोडून दिली आणि उजव्या हाताने वरची धून अधिक चपळ, अधिक तुटक वाजवू लागले. खर्ज आणि स्वरमेळ हे दोन्ही काम आल्मेदांकडे आले. या विभागणीतून ‘कोनहुन्तो’ म्हणून ओळखला जाणारा वाद्यमेळ घडला. बाहो सेक्स्तोचा वादक मात्रेवर खालची जाड तार छेडतो आणि लगेच मधल्या रिकाम्या जागेत वरच्या तारांवर एक आखूड फटकारा मारून तो तळहाताने दाबून टाकतो. बूम-चक, बूम-चक. आवाज जितका चटकन थांबेल तितका नाच चांगला. इथे वादकाचे कौशल्य वाजवण्याइतकेच थांबवण्यात आहे.

लॉस लोबोसचे ‘आन्सेल्मा’ हे गाणे, ज्याला त्यांचे पहिले ग्रॅमी मिळाले, घ्या आणि अकॉर्डियनकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त हा बूम-चक ऐका. तो हाती लागला की लगेच ‘डोन्ट वरी बेबी’ पुन्हा लावा आणि मागे चालणाऱ्या ठेक्याच्या गिटारकडे लक्ष द्या. तो आखूड, दाबलेला फटकारा तुम्हाला ओळखीचा वाटेल. रोसास ब्लूज वाजवताना पुष्कळ वादकांसारखे स्वरमेळ लांबवत नाहीत, ते तोडतात. हे माझे ऐकणे आहे, कोणी ते मानलेच पाहिजे असे नाही, पण या दृष्टीने ऐकल्यावर अल्बममधली दोन प्रकारची गाणी एका हाताची वाटू लागतात.

पेटी ऐकत वाढलेल्यांसाठी एक सूचना. अकॉर्डियन आणि पेटी या दोन्हींत भात्याच्या हवेने थरथरणारे धातूचे सूर असतात, त्यामुळे नाद जवळचा वाटतो. परंतु बटणांच्या या अकॉर्डियनमध्ये तेच बटण भाता ओढताना एक स्वर देते आणि दाबताना दुसरा. सुरावटीतला तो सततचा हिसका सजावट म्हणून आलेला नाही, वाद्याच्या रचनेतून आला आहे.

पायरी ६. आता अल्बम, दोन बैठकांत

पहिल्या बैठकीत अल्बम दिलेल्या क्रमाने, वही बंद ठेवून, सलग ऐकावा. ‘लिटल हेवन’, ‘टफ टू हँडल’ आणि शीर्षकगीत ‘सोल डिसगाइज’ यांच्यासारखी इंग्रजी गाणी आणि ‘आन्हेलितो’, ‘आदिओस मी विदा’ यांच्यासारखी स्पॅनिश गाणी एकमेकांच्या शेजारी कशी बसवली आहेत एवढेच पाहावे.

दुसऱ्या बैठकीत वही उघडावी आणि प्रत्येक गाण्यापुढे चारच नोंदी कराव्यात: पेरे बारावर जुळतात का, ठेका शफलचा आहे की सरळ, खर्ज मात्रेवर आणि फटकारा मधल्या जागेत पडतो का, आणि गाण्याची भाषा कोणती. पहिल्या तीन नोंदींवरून चौथी ओळखता येईल असे आपण गृहीत धरतो. भाषेचा स्तंभ झाकून ठेवून हे करून पाहावे. गृहीतक कुठे टिकते आणि कुठे नाही हे स्वतःच्या वहीत दिसलेले अधिक चांगले, म्हणून उत्तरे मी इथे देत नाही.

‘ई. लॉस बॅलड नं. १३’ या गाण्यापाशी थोडे थांबावे. ‘ई. लॉस’ हे पूर्व लॉस एंजेलिसचे बोलीतले नाव. या वस्तीत संथ प्रेमगीतांचे वेड जुने आहे: जमिनीलगत उतरवलेल्या मोटारी बुलेव्हार्डवर सावकाश चालवताना लावायची, रेडिओवर कोणाच्या तरी नावाने लावून घ्यायची गाणी. ‘दी मिडनाइटर्स’ यांची संथ गाणी आधी ऐकून मग हे लावल्यास शीर्षकातला तो तेराचा आकडा, जणू अशी गाणी क्रमांक घालून ठेवावीत इतकी आहेत अशा अर्थाचा, हसू आणतो.

हा अल्बम त्याच वर्षी का आला याचेही उत्तर ठेवून द्यावे. १९९६ सालच्या ‘कलॉसल हेड’नंतर लॉस लोबोस आणि त्यांची जुनी ध्वनिमुद्रण कंपनी वेगळे झाले आणि बँडचा पुढचा अल्बम ‘धिस टाइम’ १९९९मध्ये, नव्या कंपनीकडून आला. मधल्या काळात सभासद आपापल्या कामांकडे वळले होते. त्याच १९९९ साली हिडाल्गो आणि पेरेझ यांच्या ‘लॅटिन प्लेबॉइज’ या गटाचा ‘डोस’ आला आणि हिडाल्गो यांनी माइक हॅल्बी यांच्यासोबत केलेला, चिखलातून पाय ओढत चालल्यासारखा संथ ब्लूजचा ‘हाउंडडॉग’ही आला. हे तिन्ही शेजारी ठेवून ऐकल्यास बँडमधली कामाची वाटणी कळते. हिडाल्गो आणि पेरेझ ध्वनीचे प्रयोग करतात, टेप उलटसुलट करतात. रोसास यांना नाचणारे लोक समोर हवे असतात. समीक्षकांनी ‘लॅटिन प्लेबॉइज’चे अधिक कौतुक केले यात आश्चर्य नाही, पण पुन्हा पुन्हा लावावासा वाटतो तो मला रोसास यांचा अल्बम.

पायरी ७. स्पॅनिश शब्दांचे काय करावे

पहिले तीन-चार वेळा शब्दांच्या मागे लागू नये. त्यानंतर शब्द हवे असतील तर पुस्तिका पाहावी, आणि ती नसेल तर इंटरनेटवर श्रोत्यांनी उतरवून घेतलेले शब्द सावधपणे वापरावेत. त्यांत ऐकण्याच्या चुका भरपूर असतात. भाषांतर करणाऱ्या ॲपमध्ये अख्खी कडवी टाकू नयेत, कारण चिकानो गाण्यांत ‘कालो’ नावाची वस्तीची बोली, इंग्रजी शब्द आणि स्पॅनिश व्याकरण एकत्र येते आणि ॲप त्याची वाट लावते. एकेक शब्द शब्दकोशात पाहणे संथ असले तरी खात्रीचे आहे. उच्चारांसाठी इतके पुरे: ‘जे’ अक्षराचा उच्चार ‘ह’सारखा, जोडीने आलेल्या दोन ‘एल’चा मेक्सिकन उच्चार ‘य’सारखा, आणि ‘एच’ मुकाच.

पायरी ८. नेहमीच्या अडचणी

स्पॅनिशमधले सगळेच ‘साल्सा’ नव्हे. साल्सा ही क्यूबा आणि पोर्तो रिकोच्या संगीतातून न्यूयॉर्कमध्ये आकाराला आलेली गोष्ट. इथे संबंध आहे तो पोल्का, रांचेरा (मेक्सिकोतले ग्रामीण वळणाचे गाणे), बोलेरो (संथ प्रेमगीत) आणि कोलंबियातून मेक्सिकोत येऊन रुजलेल्या कुंबियाशी.

वापांगोसारखा मेक्सिकन लोकसंगीताचा प्रकार भेटला तर सहा मात्रा ऐकून तो दादराच आहे असे समजू नये. त्यात सहा मात्रा कधी तीन-तीन अशा आणि कधी दोन-दोन-दोन अशा, पुष्कळदा एकाच वेळी दोन वाद्यांवर, विभागल्या जातात. पायाने एक विभागणी धरावी आणि हाताने दुसरी.

‘लॉस लोबोस’ हे नाव टाकल्यावर इतर बँडही दिसतात, कारण लांडग्यांच्या नावाचे मेक्सिकन बँड बरेच आहेत. मूळ नाव ‘लॉस लोबोस देल एस्ते दे लॉस आंहेलेस’ असे होते, आणि १९७८ सालचा त्यांनी स्वतःच काढलेला पहिला अल्बम शोधताना ते उपयोगी पडते.

पायरी ९. यानंतर काय ऐकावे

‘सोल डिसगाइज’च्या एक वर्ष आधी, १९९८ मध्ये, ‘लॉस सुपर सेव्हन’ या नावाने एक अल्बम आला. त्यात रोसास आणि हिडाल्गो यांच्यासोबत फ्रेडी फेंडर, जो ईली, रिक ट्रेव्हिनो, रुबेन रामोस आणि सॅन अँटोनियोचे अकॉर्डियनवादक फ्लाको हिमेनेझ होते. निर्मिती स्टीव्ह बर्लिन यांची. ग्रॅमी मिळवणारा हा अल्बम पाचव्या पायरीचा सराव म्हणून उत्कृष्ट आहे, कारण हिमेनेझ यांचे अकॉर्डियन आणि त्याखालचा बाहो सेक्स्तो हेडफोनवर अगदी सुटे ऐकू येतात.

त्यानंतर लॉस लोबोसच्या २००६ सालच्या ‘द टाउन अँड द सिटी’मधले रोसास यांचे ‘चुकोज कुंबिया’ घ्यावे. यात सातव्या पायरीत सांगितलेली कालो बोली भरपूर आहे आणि वर विजेची गिटार आहे. शेवटी २०२१ सालचा ‘नेटिव्ह सन्स’, ज्यात एक गाणे सोडले तर बाकी सगळी लॉस एंजेलिसच्या इतर कलाकारांची आहेत: ‘दी मिडनाइटर्स’, लालो गेरेरो, ‘वॉर’, ‘द बीच बॉइज’, पर्सी मेफिल्ड. तिसऱ्या पायरीत वहीत उतरवलेला नकाशा बाहेर काढून प्रत्येक गाण्याचा मूळ कलाकार शहराच्या कोणत्या भागातला ते त्यावर लिहीत जावे. हा अल्बम लावल्यावर मात्र मूळ गाणी लगेच शोधू नयेत. आधी बँडची गाणी पूर्ण ऐकून घ्यावीत, नाहीतर तुलना करण्यातच वेळ जातो आणि ठेक्याकडे लक्ष राहत नाही.